मोठ्या आवाजातही स्वच्छ
होम थिएटरसाठी स्पीकर निवडताना केवळ वॅटच्या आकड्यांवर भुलू नये, हे आज दुकानात दोन जोड्या शेजारी ठेवून ऐकताना पुन्हा पटले. एका वॅटला एक मीटर अंतरावर ८५ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला ९१ डेसिबलवाल्याची बरोबरी करायला चौपट शक्ती लागते, आणि ॲम्प्लिफायर तिथे कमी पडला की आवाज वाढण्याऐवजी फाटतो. ढोल-ताशाचे ध्वनिमुद्रण मोठ्याने लावताच पहिल्या, म्हणजे ८५ डेसिबलवाल्या जोडीवर ताशाची तर्री चिरकू लागली. दुसरीवर मात्र प्रत्येक ठोका सुटा, खणखणीत ऐकू आला. ८० हर्ट्झखालच्या खर्जाचा भार सबवूफरकडे, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरकडे सोपवल्यावर चित्रपटातले संवादही स्पष्ट झाले. दुसरी जोडी आकाराने बरीच मोठी आहे, तरी मी तीच घेणार आहे.