दरवाजाला चादर

आमची पिकअप धाकट्या पोरापेक्षा तीन वर्षांनी मोठी. इंजिन अजून एका सेलमध्ये उठतं, पण केबिन उन्हानं पार खाल्लेली. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ च्या घरात, आणि गाडी दिवसभर यार्डात उघड्यावर. डॅशबोर्डला भेगा, छताचं अस्तर लोंबकळलेलं. डाव्या दरवाजाचा आतला पॅड तर फुगलेला पुठ्ठाच. खड्डा आला की थडथड वाजायचा. नव्या जोडीचा भाव ऐकला आणि ‘नंतर येतो’ म्हणून दुकानातून निघालो. त्यात घरातल्या सगळ्यांच्या चपला आल्या असत्या.

जुना पॅड उचकटल्यावर कळलं, बिचाऱ्याचा दोष नव्हता. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दरवाजाच्या पोटात उतरतंच. ते खालच्या भोकांतून निघून जावं आणि पॅड कोरडा राहावा म्हणून मधे प्लास्टिकचा कागद असतो. आमचा कागद कुणी कधी काढून टाकला देव जाणे. भोकं मातीनं बुजलेली. तारेनं खरवडली तर कपभर गाळ निघाला. इतकी वर्षं पॅड पाण्यातच बसलेला.

तीन मिलिमीटरचा प्लायवूड आणला. क्लिपांची भोकं टेपनं मोजून पाडली आणि पहिला तुकडा वाया घालवला. दरवाजा सरळ दिसतो, पण नसतो! दुसऱ्या वेळी जुना पॅडच प्लायवर ठेवून पेन्सिल फिरवली. मागच्या बाजूला ऑइल पेंटचे दोन हात दिले, दरवाजावर नवा प्लास्टिकचा कागद चिकटवला.

वरून काय लावायचं? रेक्झिन उन्हात चटके देतं. सोलापुरात ज्या घरी चादरींची थप्पी नाही असं घर दाखवा! बाहेरगावचे लोक कौतुकानं विकत नेतात. आमच्याकडे आहेरातल्याच ट्रंकेत मावत नाहीत. मधे विरलेली, पण काठ शाबूत असलेली एक चादर बायकोनं स्वतःहून काढून दिली. हे विशेष. भौगोलिक मानांकन मिळालेलं वस्त्र मी डिंकासारख्या पिवळ्या सोल्युशननं चिकटवलं आणि आठच दिवसांत उन्हानं सोल्युशन पाघळलं. काठाची नक्षी माझ्या मांडीवर येऊन पडली.

शेजारचे अण्णा बघत होते. चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस.

“काय करलालास बे? कापड चिकटवतात व्हय? ताणून घे.”

त्यांनी चादर ओली करून ताणली, कडा मागे दुमडल्या, मी स्टेपलच्या पिना मारल्या. वाळल्यावर पॅड डफासारखा घट्ट.

दुसऱ्या दिवशी अण्णा एक धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकूड, घेऊन आले. भंगारात गेलेल्या मागाचा. हातानं झिजून गुळगुळीत झालेलं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. टोप्या काढून, टोकं घासून आम्ही तो हँडल म्हणून लांब बोल्टांनी आरपार आवळला. दरवाजा ओढताना मूठ त्यावर नेमकी बसते.

सुताची कांडी बसायची ती पोकळी वरच्या बाजूला ठेवलीय. हल्ली तिच्यात यार्डाच्या पावत्या असतात आणि बडीशेपेची पुडी. पुडी अण्णांची. गाडीत बसले की आधी तिथं हात घालतात.