स्कॉट-फ्री आणि माझे सत्तर पौंड

परवा पार्किंगचा दंड रद्द झाला. सत्तर पौंड. चौदा दिवसांत भरलात तर निम्मा, आणि खरी मेख तिथेच आहे, कारण चूक नसली तरी माणूस म्हणतो जाऊ दे, पस्तीस भरून मोकळे होऊ. मीही भरणारच होतो. पण मी तिकीट काढलं होतं हो, डॅशबोर्डवर ठेवलंही होतं, दार लावताना ते उलटं पडलं आणि पार्किंग तपासणाऱ्या वॉर्डनला नुसती कोरी बाजू दिसली.

शेजारच्या आजींनी भरू दिलं नाही. मूळच्या स्कॉटलंडमधल्या डंडीच्या, आता कितीतरी वर्षं इथे इंग्लंडच्या केंटमध्ये. माझ्या किचनमध्ये बसून त्यांनी पत्र लिहून घेतलं, तिकिटाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढायला लावले. तीन आठवड्यांनी दंड रद्द झाल्याचं पत्र आलं, मी धावत त्यांच्याकडे गेलो आणि बोलून गेलो, आय गॉट ऑफ स्कॉट-फ्री, म्हणजे काही न भरता सहीसलामत सुटलो! मग जीभ चावली. कारण ऑफिसात कुणीतरी सांगितलेलं की स्कॉटिश माणूस चिक्कू, पैसे न देता सटकतो, त्यावरून हा शब्द आलाय. आणि माझ्यासाठी दोन तास घालवणाऱ्या बाईंसमोर मी तोच वापरला.

त्या शांतपणे म्हणाल्या, त्याचा आमच्याशी काही संबंध नाही.

रात्री वाचत बसलो. खरंच नाही. स्कॉट म्हणजे कर, वर्गणी, आपल्या वाट्याचे पैसे. अकराव्या शतकात, इंग्लंडचा राजा एडवर्ड द कन्फेसर याच्या सनदेत तो सापडतो, अर्थ सरळ, ही जमीन करमुक्त. आमच्या इथल्या रॉमनी मार्श या दलदलीच्या भागात बांध आणि चर सांभाळायला जमीनवाल्यांकडून जो कर घेत त्यालाही स्कॉटच म्हणत. सोळाव्या शतकापर्यंत कर चुकण्यावरून अर्थ शिक्षा चुकण्यावर आला.

अमेरिकेतल्या ड्रेड स्कॉटचं नाव यात ओढतात त्याचा तर मला रागच येतो. गुलामीतून सुटायला तो कोर्टात गेला आणि 1857 साली सुप्रीम कोर्टात हरला! त्याच वर्षी मालकाने त्याला मोकळं केलं आणि पुढच्या वर्षी तो वारला. अशा माणसाच्या नावावर सहीसलामत सुटल्याचा शब्द कसा चिकटवता, आणि तोही त्याच्या आठशे वर्षं आधीचा?

मला खरी गंमत वाटली ती आपल्या मराठीची. शेतसारा माफ होतो आणि गुन्हाही माफ होतो. करात सूट मिळते आणि आरोपी सुटतो. इंग्रजीला त्या एका अर्थावरून दुसऱ्यावर यायला शतकं लागली, आपण रोज बोलता बोलता येतो जातो आणि लक्षातही येत नाही.

इथली पद्धत मला आवडली हे कबूल, पत्राला पत्राने उत्तर, कुणाची ओळख काढायला लागली नाही. पण आपल्याकडे टोइंगवाल्याने बाइक उचलली तरी समोरासमोर बोलता तरी येतं, इथे तीन आठवडे माणसाचं तोंड दिसत नाही आणि पोटात गोळा घेऊन पोस्टाची वाट बघायची.

आणि एक सांगतो, ऑफिसात सगळे म्हणतायत तू सुटलास. सुटलो कसला? दोन पौंड चाळीस पेन्स मी मशिनमध्ये टाकले होते. माझा स्कॉट मी भरला होता.