मामा, चित्रं कुठं हाईत?
बेळगावात दिवसभर पावसाची झोड, त्यामुळे जुनं खूळ डोक्यात शिरलं. १९८९ चा 'लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन' हा संगणकावरचा खेळ पुन्हा चालवायचा! ६४ बिटच्या विंडोजवर डॉस ह्या जुन्या प्रणालीचे १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत, म्हणून डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम. तो चक्क मोडेमचं, म्हणजे फोनवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राचंही सोंग घेतो; फोनच्या तारेऐवजी इंटरनेट. काळ्या पडद्यावर रंगीत अक्षरं उमटली तसा भाचा म्हणाला, "मामा, ह्यात चित्रं कुठं हाईत?" चित्रं नाहीतच बाबा! आणि जंगलातल्या लढायाही रोजच्या मोजून, रेशनसारख्या. हा खेळ चालायचा बुलेटिन बोर्डांवर, म्हणजे फोन लावून जोडायच्या संगणकांवर; त्यातल्या बहुतेकांना फोनलाइन एकच असायची, एकानंच अडवून कसं चालेल? मला तर हा शिरस्ता आवडतो. भाच्याच्या लढाया चहा होईपर्यंत संपल्या. आता तो लॅपटॉपची तारीख पुढं ढकलायच्या मागं लागलाय.