आमची वाटचाल : दोनच वाटा, मोकळ्या दुपारी

आम्ही टूर काढत नाही, चालायला नेतो. स्पेनमधली सान्तियागो शहराकडे जाणारी ख्रिस्ती यात्रेकरूंची वाट आणि जपानमधली शिकोकू बेटावरची ८८ देवळांची परिक्रमा, बस्स. पहिली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग भागीदार वेगळा झाला. जाताना ग्राहकांची यादी आणि माझी आयटिनररी घेऊन गेला. मुक्काम तेच, रोजचे किलोमीटर तेच. मी मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या दुपारी मात्र त्याने साइटसीइंगने भरल्या आणि फॉर्ममधला ‘का जायचं आहे?’ हा रकाना उडवला. म्हणे, असलं विचारलं की बुकिंग पळतं. अरे, सान्तियागोच्या यात्रेकरू कार्यालयातसुद्धा हेतू विचारतात! धार्मिक किंवा आध्यात्मिक असेल तर लॅटिनमधलं ‘कोम्पोस्तेला’ हे प्रमाणपत्र, नाहीतर वेगळं. तेही पायी जाणाऱ्याचे किमान १०० किलोमीटर चालून झाले असतील आणि क्रेडेन्शियलवर, म्हणजे यात्रेकरूच्या पासबुकावर, वाटेतले शिक्के असतील तरच. यंदा त्याच्याही फॉर्मवर तो प्रश्न आलाय. खाली टिक करायला चार पर्याय!

माझी पेटी कोणी चोरली नाही, कारण तिच्यात दिसायला काहीच नाही: कागदी टेप, व्हॅसलीन, कात्री, जाड मोजे. टाच चुरचुरली की तिथेच बसून टेप लावायची, फोड यायची वाट बघायची नाही. आणि कोरे बूट घालून कधीही निघू नका, आमच्याकडून जा किंवा न जा.

२०२० मध्ये जवळजवळ संपलोच होतो. विमान कंपनी पैशांऐवजी क्रेडिट देत होती, ग्राहकांना रोख हवी होती. ऑफिस सोडलं. जपान एकट्यादुकट्या पर्यटकाला ऑक्टोबर २०२२ पर्यंत उघडलं नाही. तेवढ्या काळात एकच फोन वेगळा आला. ‘माझे पैसे राहू देत, मला कुठे घाई आहे?’ या काकूंनी रकान्यात लिहिलं होतं, ‘नोकरी संपली. सकाळी उठून कुठे जायचं कळत नाही.’

त्या शिकोकूला गेल्या. अख्खे सुमारे १२०० किलोमीटर नव्हे, तुकड्यातुकड्याने. तिथे ते चालतं. काय मिळालं, हे मी विचारलं नाही.

हल्ली नव्या बॅचला सरावासाठी पहाटे फोन करून उठवायचं काम काकूंनी स्वतःहून घेतलंय. पगार घेत नाहीत. दांडी मारणाऱ्याचं नाव मात्र कळवतात, आणि त्याचं बुकिंग रद्द करा म्हणून माझ्या मागे लागतात.