पहिलं पाऊल मागं का टाकू नये

सोमवार

टँगो या अर्जेंटिनाच्या जोडीनं नाचायच्या नाचात, पहिल्याच तासाला 'बेसिक' म्हणून आठ पावलं शिकवायची पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यावर फारसं कुणी बोट ठेवत नाही. लीडरनं, म्हणजे नाच पुढं नेणाऱ्यानं, 1 ला उजवा पाय मागं घ्यायचा, 2 ला डावा बाजूला. 3 ला उजवा पुढं, फॉलोअरच्या, म्हणजे त्याच्या खुणेवर हलणाऱ्या जोडीदाराच्या, उजव्या अंगाबाहेरून. 4 ला डावा पुढं, 5 ला उजवा जवळ. इथं फॉलोअरचा डावा पाय उजव्यापुढं येऊन क्रॉस होतो, तोच क्रुसे. मग 6 ला डावा पुढं, 7 ला उजवा बाजूला, 8 ला डावा जवळ. शिकवायला सोपं, मोजायला सोपं. वीस जोड्या एका दमात एकसारख्या हलतात आणि तास संपताना प्रत्येकाला काहीतरी पदरात पडल्यासारखं वाटतं.

खोट पहिल्याच आकड्यात आहे. मिलोंगात, म्हणजे टँगोच्या नाचसभेत, सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेनं गोल सरकत असतात, ती रोंदा. लीडरचं तोंड जायच्या दिशेला, फॉलोअरची पाठ. म्हणजे आपल्या मागच्या जोडीतली फॉलोअर आपल्याकडं पाठ करून उलट चालत येत असते. आता लीडरनं 1 ला पाय मागं टाकला की दोन पाठी एकमेकींकडं सरकतात आणि दोघांपैकी एकालाही दिसत नसतं. टाच बसते ती नेमकी तिच्या घोट्याच्या मागं, जिथं सँडलच्या पट्ट्याखेरीज काही नसतं.

उपाय सोपा आहे: 1 गाळायचा. दोघांनी जागच्या जागी एक-दोनदा वजन बदलायचं. लीडर उजव्या पायावर आणि फॉलोअर डाव्या पायावर पक्की आली की 2 पासून सुरुवात. हे बाजूचं पाऊल खांद्याच्या रुंदीपेक्षा मोठं नको. डावीकडं रोंदाचा मध्य असतो. लांब पाऊल टाकलं तर आपण थेट आतल्या रांगेत घुसतो. ते थोडं तिरकं, पुढच्या अंगाला टाकलं की जोडी आपल्या रांगेतच राहते.

मंगळवार

क्रुसेबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण मोजून शिकवल्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं.

क्रुसे हा पाच नंबर नाही. 3 ला लीडर तिच्या उजव्या अंगाला बाहेर जातो, तेव्हा दोघांच्या छात्या समोरासमोर राहत नाहीत, जराशा सरकतात. 4 आणि 5 च्या दरम्यान तो छाती पुन्हा तिच्या समोर आणतो. तिला मागं जायला जी जागा होती ती मिटते आणि मोकळा असलेला डावा पाय उजव्याच्या पुढून येऊन थांबतो. एवढंच. पण आकड्यांवर शिकलेली फॉलोअर 'तीन, चार, क्रॉस' असं पाठ करते आणि लीडरनं काहीच मागितलं नसलं तरी पाय क्रॉस करून मोकळी होते. मग लीडरही आळशी होतो. छाती न वळवताच क्रुसे मिळतो, तर तो कशाला कष्ट घेईल? दोघं वर्षभर एकमेकांबरोबर मजेत नाचतात. तिसऱ्याच कुणाबरोबर नाचायची वेळ आली की मोडतं.

तपासायची युक्ती: लीडरनं बाहेरच्या अंगानं चालायला लागायचं आणि छाती परत आणायचीच नाही. चार, सहा, आठ पावलं तसंच. फॉलोअरनं सरळ मागं चालत राहायला हवं. नंतर मनात येईल तेव्हा, कधी तिसऱ्या पावलाला, कधी सातव्या, क्रुसे मागायचा. पाय आपोआप क्रॉस होत असेल तर डोळे मिटायला सांगावं, फरक लगेच जाणवतो. आणखी एक: क्रॉस झाल्यावर वजन पूर्ण डाव्या पायावर गेलं पाहिजे. अर्धं इकडं, अर्धं तिकडं राहिलं की पुढचं पाऊल कुठल्या पायानं टाकायचं हे दोघांनाही कळत नाही, आणि दोष मात्र लीडरच्या हाताला लागतो.

बुधवार

हे आकडे मुळात आले कुठून? 1940 च्या दशकात, टँगो ऐन भरात असताना, ब्युनोस आयर्सच्या वस्त्यांत पोरं शिकायची ती पुरुषांच्या प्राक्तिकात, म्हणजे सराव-मेळाव्यात. नवख्यानं आधी फॉलो करायचं, आणि तेही महिनोन्‌महिने. दुसऱ्याच्या छातीतून आपल्या पायापर्यंत खूण कशी येते हे अंगात मुरलं की मग लीड. मुली बहुतेक घरीच, भाऊ, काका, शेजारणी यांच्याबरोबर शिकायच्या. बारसं-लग्नासारख्या घरगुती समारंभांतून आणि वस्तीतल्या क्लबांतून नाच डोळ्यांपुढं असायचाच, त्यामुळं रोंदा वेगळी शिकवावी लागत नसे.

1955 मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरोन यांची सत्ता उलथली, मग रॉक आलं, आणि एका पिढीची साखळी तुटली. 1983 मध्ये पॅरिसला आणि 1985 मध्ये ब्रॉडवेवर 'तांगो आर्खेंतिनो' हा रंगमंचीय कार्यक्रम गाजला, तेव्हा जगभरातून शिकायला माणसं येऊ लागली. त्यांच्याकडं वेळ दोन-तीन आठवड्यांचा. सहा महिने फॉलो करा म्हणून त्यांना कोण सांगणार? आठ आकडे दोन दिवसांत शिकवता येतात.

त्यानंतरच्या शिकवण्यात तीन धारा ठळक दिसतात. आंतोनियो तोदारो यांनी लांबलचक, कसलेल्या रचना बांधल्या. रंगमंचावरच्या कित्येक नर्तकांचं शिक्षण त्यांच्याकडं झालं. गुस्ताव्हो नाव्हेइरा आणि फाबियान सालास यांनी 1990 च्या दशकात नाचाची चिरफाड केली: पाऊल पुढं, बाजूला किंवा मागं एवढंच असतं, कुठल्या पावलानंतर काय शक्य आहे ते शोधा. आणि त्याच सुमाराला सुसाना मिलर यांनी मध्यवस्तीतल्या दाटीच्या मिलोंगात जो नाच चालायचा, घट्ट मिठीतला, छोट्या पावलांचा, तो 'मिलोंगेरो' या नावानं शिकवायला घेतला.

माझं मत विचाराल तर शिक्षकाच्या डोक्यात नाव्हेइरांची पद्धत असावी आणि तासाला मिलर यांची. तोदारोंच्या रचना सुंदर आहेत, पण त्यांना जागा लागते, आणि शनिवारी रात्री जागाच नसते.

गुरुवार

नव्वद मिनिटांचा तास असेल तर: पंधरा मिनिटं एकट्यानं चालणं, पंधरा मिनिटं जोडीनं चालणं आणि जागेवर वजन बदलणं, अर्धा तास एकच नवी गोष्ट, उरलेला सगळा वेळ रोंदामध्ये नाच. दर दोन गाण्यांनी जोडीदार बदलायचे. नवरा-बायको आले असतील तर जास्तच.

शेवटच्या अर्ध्या तासात हॉल लहान करायचा. खुर्च्या आत ओढून दहा जोड्यांना साधारण सहा बाय सहा मीटर जागा ठेवायची. दोन गाण्यांनंतर खुर्च्या आणखी एक मीटर आत. पाठ केलेली आकृती ज्याच्याकडं आहे तो चौथ्या पावलाला अडकतो, पुढची जोडी हलत नाही म्हणून थांबतो आणि पुन्हा 1 पासून सुरू करतो. ज्याला वजन बदलता येतं तो जागेवर दोन ठेके घालवतो आणि जागा झाली की सरकतो. मुंबई-पुण्यातल्या वर्गांसाठी हा सराव फार महत्त्वाचा. मोठ्या हॉलमध्ये मोजक्या जोड्या असल्या की मागचं पाऊल कुणालाच लागत नाही, आणि चूक वर्षानुवर्षं तशीच अंगात बसते.

नवी गोष्ट म्हणून ओचो कोर्तादो, म्हणजे मध्येच अडवून क्रॉसमध्ये संपवलेली आकृती, सगळ्यात आधी घ्यावा. लीडर डावा पाय थोडा पुढं टेकवून वजन लगेच उजव्यावर परत आणतो. मग छाती उजवीकडं वळवत फॉलोअरला आपल्या उजव्या अंगाला आधी उजवा पाय पुढं, मग डावा बाजूला टाकायला लावतो. हे बाजूचं पाऊल पूर्ण व्हायच्या आत अडवायचं, तिचं वजन उजव्या पायावर परत आणायचं, की डावा पाय समोरून क्रॉस. सगळं मिळून चौरस मीटरभर जागेत. बिघडतं ते अडवण्यात. बरेच जण हातानं ढकलून तिला परत आणतात. हात तसाच ठेवून फक्त छाती थांबली पाहिजे. आणि उशीर झाला, तिचं वजन बाजूच्या पायावर पूर्ण गेलं, तर ओढाताण न करता तिथून हिरो, म्हणजे तिनं लीडरभोवती गोल फिरणं, चालू करावा. पुढं-बाजूला-मागं-बाजूला हा तिचा क्रम तयारच असतो.

शुक्रवार

मिठीबद्दल थोडक्यात. लीडरचा उजवा हात तिच्या पाठीवर टेकतो, दाबत नाही. डावा हात बुटक्या जोडीदाराच्या डोळ्यांपेक्षा वर नको; वर गेला की दोघांचे खांदे कानाला लागतात. फॉलोअरनं लीडरच्या अंगावर लोंबकळायचं नाही: लीडर अचानक बाजूला झाला तरी ती स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. फॉलोअरला मागं चालताना पाय गुडघ्यातून नाही, मांडीच्या सांध्यातून लांब नेता आला पाहिजे. याचा सराव भिंतीशी, एकटीनं, रोज दहा मिनिटं.

शनिवार

मिलोंगाचे रिवाज वर्गात शिकवले जात नाहीत, हा माझा जुनाच राग. नाच जोडीनं होतो, पण मिलोंगा सगळ्यांनी मिळून चालते. दिंडीत टाळकरी नाचतानाही पुढच्याच्या टाचेवर पाय देत नाही, तसंच इथं.

निमंत्रण नजरेनं द्यायचं. आधी मिरादा, म्हणजे रोखून न पाहता नजर भिडवणं, मग काबेसेओ, म्हणजे मानेची हलकी खूण. समोरून मान हलली तर ठरलं. नजर वळली तर नकार, आणि कुणाचीही फजिती नाही. खूण झाल्यावर लीडरनं नजर न सोडता तिच्या टेबलापर्यंत जायचं आणि तिनं तो समोर येईपर्यंत बसून राहायचं. आधीच उठली आणि खूण मागच्या टेबलाला होती, असं घडू शकतं! यासाठी दिवे फार मंद नकोत. अंधारात काबेसेओ चालत नाही, मग लोक टेबलापाशी जाऊन हात पुढं करतात आणि नाही म्हणणं अवघड होऊन बसतं.

तांदा म्हणजे एकाच वाद्यवृंदाची तीन-चार गाणी, साधारण दहा-बारा मिनिटं. मध्ये कोर्तिना, म्हणजे न नाचण्याजोग्या संगीताचा तुकडा. त्यात नाचाचा मजला रिकामा करायचा. तांदा संपेपर्यंत जोडी बदलत नाही. अर्ध्यात 'ग्रासियास' (धन्यवाद) म्हटलं की नाच संपला, म्हणून नवख्यानं दोन गाण्यांच्या मध्ये सौजन्य म्हणून तो शब्द वापरू नये. मजल्यावर उतरताना येणाऱ्या लीडरची नजर घ्यायची, तो थांबला की आत शिरायचं. पुढं जोडी रेंगाळली तरी ओलांडून जायचं नाही.

आणि मुंदियाल? 2003 पासून भरणाऱ्या या जागतिक स्पर्धेत 'पिस्ता', म्हणजे मिलोंगातल्यासारख्या नाचाच्या, गटाला रोंदा पाळावी लागते, संगीत चालू असताना मिठी सोडता येत नाही, उड्या चालत नाहीत. नियम ठीक. पण मोजक्या जोड्यांच्या मोकळ्या मजल्यावर परीक्षकांसाठी टाकलेली लांब पावलं तशीच्या तशी शनिवारच्या गर्दीत आणणारे कमी नाहीत.

रविवार

सरावाला संगीत कुठलं? चालायला दी सार्लीचा वाद्यवृंद, त्यातही 1950 च्या दशकातली गायकाशिवायची ध्वनिमुद्रणं: ठोका ठळक, गती निवांत, पाऊल पूर्ण करायला वेळ मिळतो. वजन पटकन बदलायच्या सरावाला दारिएन्सोचा वाद्यवृंद, 1935 च्या अखेरीस रोदोल्फो बियाजी पियानोवर आल्यानंतरचा. व्हाल्स या तीन मात्रांच्या तालाला पहिल्या मात्रेवरच पाऊल. तिन्हींवर टाकायला गेलं की धावपळ होते. मिलोंगा हे नाचसभेचं नाव, तसं एका जलद तालाचंही; त्या तालाला आधी प्रत्येक ठोक्यावर साधं चालणं, त्रास्पिए, म्हणजे ठोक्यांच्या मधली जलद पावलं, नंतर.

पुग्लिएसेचा वाद्यवृंद नवख्यांना लावू नये. तिथं ठेका लांबतो, लपतो, गाणं मध्येच थबकतं. वजन एका पायावर शांत उभं करता येत नसेल तर त्या थांबण्यात जोडी डुगडुगते, आणि ती पोकळी भरायला लीडर आकृत्या उकरून काढतो. ब्युनोस आयर्समध्ये त्याची तांदा साधारणपणे रात्र चढल्यावर लागते. वर्गातही तो क्रम पाळावा.