तुम्ही विचारलंत म्हणून: पानगळीत भुरीला घेऊन मी काय करते

उन्हाचा कडाका ओसरून हवेत गारवा आला, झाडांचे रंग बदलू लागले, की कुत्री पाळणारी ओळखीची मंडळी मला हटकून एक प्रश्न विचारतात : "या दिवसांत तुम्ही भुरीला घेऊन कुठे जाता? काय काय करता?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा डोंगर, तळं, रानवाट अशी ठिकाणांची यादी हवी असते. माझं उत्तर त्या मानाने साधं आहे. पानगळीत मी माझ्या कुत्रीला, भुरीला, नव्या जागी नेण्यापेक्षा रोजच्याच जागी जास्त वेळ देते आणि तो वेळ तिच्या नाकाच्या हवाली करते. पळणं, खेळणं, लांबची भटकंती हे सगळं त्यानंतर. असं का, ते सांगते.

पानगळीचं कौतुक आपण डोळ्यांनी करतो. कुत्र्याच्या डोळ्यांत मात्र रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन प्रकारच्या. निळा आणि पिवळा त्यांना चांगला कळतो. लाल, केशरी, हिरवा हे पिवळट-तपकिरी छटांत मिसळून जातात. ज्या लालभडक झाडाखाली बसवून आपण कुत्र्याचे फोटो काढतो, ते झाड त्याच्या लेखी बरंचसं मातकट असतं. याचा एक व्यवहारी उपयोगही आहे. वाळलेल्या पानांत केशरी चेंडू फेकला, तर तो कुत्र्याला नजरेने शोधणं अवघड जातं, निळा पटकन दिसतो. म्हणून माझ्या पिशवीत या दिवसांत निळंच खेळणं असतं.

नाकाची गोष्ट मात्र पार वेगळी. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 20 ते 30 कोटी, आपल्याकडे जेमतेम 50-60 लाख. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत घेतो आणि उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून मागे सोडतो, त्यामुळे समोरचा वास उधळला न जाता उलट नवी हवा नाकाकडे ओढली जाते. आता हे नाक घेऊन पानगळीत उतरा. जमिनीवर ओलसर पानांचा थर आहे, त्यात बुरशी आणि जिवाणू पानं कुजवायला लागलेत, रात्री त्यावरून उंदीर, साळिंदर, मांजर असं कोण कोण जाऊन गेलंय. गार, दमट हवेत हे वास जमिनीलगत टिकून राहतात. कालची वाट आज वासाने नवी झालेली असते.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडाफार येतो, पण शरीर थंड करायचं मुख्य काम धापा टाकूनच होतं. आणि धापा टाकत असताना नीट हुंगता येत नाही. उन्हाळ्यात जीभ बाहेर काढून चालणारा कुत्रा फिरतो खरा, पण त्याचं नाक निम्म्याहून अधिक वेळ दुसऱ्याच कामाला जुंपलेलं असतं. गारवा आला की ते मोकळं होतं. पहिल्या थंड सकाळी भुरीचं तोंड मिटलेलं असतं, नाक जमिनीला टेकलेलं असतं आणि शेपटी सरळ असते. मला ती या दिवसांत जितकी तिची स्वतःची वाटते, तितकी एरवी वाटत नाही. हे मला फार आवडतं, म्हणून वर्षभर मी या हवेची वाट बघते.

तर करते काय? गळपट्ट्याला आखूड पट्टा लावण्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, आणि आठ-दहा मीटरची लांब दोरी. लांब दोरी कधीही गळपट्ट्याला अडकवू नका. कुत्रा धावत दोरीच्या टोकापर्यंत गेला तर सगळा हिसका मानेला बसतो. रस्ता, सायकली आणि गर्दी यांपासून दूरची जागा निवडायची आणि मग दिशा तिने ठरवायची. ती थांबली की मी थांबते. एकाच झुडपापाशी ती बराच वेळ रेंगाळली, तरी "चल" म्हणत नाही. हे सांगायला सोपं, पण आपल्या पायांना ठरावीक अंतर कापायची सवय असते, ती मोडायला वेळ लागतो. अंतर कमी भरतं, तरी घरी आलेली भुरी जास्त समाधानाने झोपते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरच्या कुत्र्यांचे दोन गट केले होते. एका गटाला दोन आठवडे वास शोधायचे खेळ दिले, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव. वासाचे खेळ खेळलेल्या गटातले कुत्रे नंतर, खाऊ असेल की नाही याचा अंदाज येणार नाही अशा जागी ठेवलेल्या वाटीकडे अधिक आशेने, अधिक लवकर गेले. भुरीकडे रोज पाहणाऱ्या मला यात आश्चर्य वाटलं नाही.

ती कंटाळली असेल किंवा वेळ कमी असेल, तर पानांच्या ढिगात खाऊ लपवते. सुरुवात सोपी ठेवायची. तिच्या डोळ्यांदेखत पानांवर खाऊ टाकायचा, "शोध" म्हणायचं. जमलं की पानांखाली, मग तिला झाडामागे थांबवून चार ठिकाणी. याच्या पुढची पायरी म्हणजे माग काढणं. मी गवतातून पाय घासत सरळ रेषेत चालत जाते, पावलापावलावर खाऊचा बारीक तुकडा टाकते आणि शेवटी तिचं आवडतं खेळणं ठेवते. मग तिला सुरुवातीला आणून सोडायचं आणि स्वतः दोरी धरून गप्प मागे चालायचं. इशारे करायचा मोह आवरा. वाऱ्याने माग चार हात बाजूला सरकलेला असतो, ती बरोबर असते आणि आपण चुकीच्या जागी बोट दाखवत असतो. पुढे तुकडे विरळ करायचे, एखादं वळण घालायचं, माग तासभर शिळा होऊ द्यायचा. वयस्क कुत्र्यांना, एका डोळ्याने कमी दिसणाऱ्यांना, लाजऱ्या कुत्र्यांनाही हे जमतं आणि त्यांची मान वर होते. चेंडू सतत फेकत राहण्यापेक्षा मला हे शंभर पटींनी चांगलं वाटतं. दर फेकीला पळून कचकन थांबताना सांध्यांवर ताण येतो, आणि कुत्रा दमतो पण शांत होत नाही.

पळायची आवड असलेल्यांसाठी हा ऋतू उत्तमच. कंबरेच्या पट्ट्याला लवचीक दोरीने कुत्रा जोडून पळण्याच्या खेळाला कॅनिक्रॉस म्हणतात. स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांना बर्फ नसलेल्या महिन्यांत सरावात ठेवायचं, त्यातून तो आला. वाढ पूर्ण होईपर्यंत मात्र पिल्लाला असं पळवू नका. मोठ्या जातींना त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. आधी व्हेटकडून तपासून घ्या, आणि गार हवेतही पाणी जवळ ठेवा.

आता काळजीचं. पानगळीच्या सौंदर्यात काही गोष्टी खरोखर घातक असतात आणि मी त्यांबाबतीत अजिबात सूट देत नाही.

पहिली म्हणजे भूछत्रं. ओल्या पानांखाली ती एका रात्रीत उगवतात. बरीचशी निरुपद्रवी असतात, पण कोणती ते पाहून सांगणं तज्ज्ञांनाही कधी कधी अवघड जातं. डेथ कॅप नावाचं फिकट हिरवट भूछत्र सर्वांत भयानक. ते खाल्ल्यावर उलट्या-जुलाब लगेच सुरू होत नाहीत, साधारण 6 ते 24 तासांनी होतात. मग कधी कधी कुत्रा बरा झाल्यासारखा दिसतो आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. म्हणून कुत्र्याने भूछत्र खाल्लं अशी नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट बघू नका. उरलेला तुकडा कागदी पिशवीत घाला आणि तडक व्हेटकडे जा. मिठाचं पाणी वगैरे घरच्या घरी पाजून उलटी करवू नका. भुरीला "सोड" हा शब्द मी जितक्या चिकाटीने शिकवला, तितका दुसरा कुठलाही नाही. तोंडातली वस्तू टाकली की त्याहून चविष्ट काहीतरी तिला मिळतं, म्हणून ती खुशीने टाकते.

दुसरी म्हणजे गोचीड. थंडी आली की गोचिड्या संपल्या असं अनेकांना वाटतं. थंड प्रदेशांतल्या काही जातींच्या प्रौढ गोचिड्या उलट शरदातच जोरात असतात आणि पारा शून्याच्या थोडा वर असला तरी हालचाल करतात. पानांच्या थरात त्यांना हवी ती ओल मिळते. त्या उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. गवताच्या टोकावर पाय पसरून थांबतात आणि जाणाऱ्या अंगाला चिकटतात. म्हणून फिरून आल्यावर कान, गळपट्ट्याखालचा भाग, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखाली हाताने चाचपून बघायचं, नुसत्या नजरेने भागत नाही. सापडली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. तेल, रॉकेल, काडीचा चटका यातलं काही नको. त्याने गोचीड आपल्या पोटातलं जखमेत ओकू शकते. गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइमसारखा आजार अंगात शिरायला साधारणपणे गोचीड दिवसभराहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून रोजची तपासणी खरोखर वाचवते. गोचीडरोधक औषधही व्हेटला विचारून हिवाळा लागेपर्यंत चालूच ठेवा.

बाकीचं थोडक्यात. ओकची बोंडं, हॉर्स चेस्टनटच्या बिया, बुरशी आलेले अक्रोड आणि सडकी फळं खाऊ देऊ नका. गाड्यांमध्ये घालायचं गोठणरोधक द्रव गोड लागतं आणि थोडंसंही मूत्रपिंडं निकामी करतं, त्यामुळे गाड्यांखालच्या डबक्यांपासून लांब राहा. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर घ्या. पानांच्या ढिगात उडी मारू देण्याआधी काठीने ढीग हलवून बघा. आत फुटकी काच असते, कधी साप असतो, कधी झोपी गेलेला साळू. आणि शिकारीला परवानगी असलेल्या रानाजवळ जात असाल, तर कुत्र्याला आणि स्वतःला भडक केशरी जाकीट घाला.

दिवस लहान होतात, त्यामुळे संध्याकाळची फेरी बघता बघता अंधारात जाते. कुत्र्याच्या डोळ्यांत पडद्याच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून संधिप्रकाशात तो आपल्यापेक्षा बरं पाहतो. प्रश्न त्याच्या डोळ्यांचा नसून गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांचा असतो. दिव्याचा गळपट्टा घ्या, तो काळ्या कुत्र्याला तर हवाच.

म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दल मला आवर्जून विचारलं जातं. गारव्यात त्यांचे सांधे आखडतात. पहिली दहाएक मिनिटं सपाट जागी अगदी सावकाश चालवा, मग हवं तिकडे जाऊ द्या. एका लांब फेरीऐवजी दोन छोट्या फेऱ्या त्यांना सोसतात. आखूड केसांच्या, बारीक अंगाच्या कुत्र्याला पातळ कोट घालायला संकोचू नका. आणि याच दिवसांत दिवसाची लांबी बदलल्याने कुत्र्यांचे केस भरपूर गळतात. रोज विंचरलं तर नवी लव मोकळी वाढते आणि गोचीडही हाताला लागते.

पाऊस असेल तर? हलक्या पावसात मी जातेच, ओलीने वास आणखी खुलतात. घरी आल्यावर पोट, कानांच्या पाळ्या आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करते, नाहीतर तिथे खाज सुटते. वादळी वारा असेल तर मात्र बाहेर पडत नाही, कारण सुकलेल्या फांद्या केव्हा कोसळतील सांगता येत नाही. त्या दिवशी पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेले कागद भरते, त्यात खाऊ लपवते आणि "शोध" म्हणते.