वीस चौरस फुटांचा धंदा: आमची वाटचाल

न्यू जर्सीत साउथ प्लेनफील्डला एका वेअरहाउसच्या मागच्या भागात आमचं साइन शॉप आहे. चॅनल लेटर म्हणजे आतून उजळणारी पोकळ अक्षरं, लाइट बॉक्स, प्लाझाच्या तोंडाशी उभे असतात ते पायलॉन, दारावरची व्हिनाइल अक्षरं, असं सगळं आम्ही बनवतो आणि नेऊन लावतोही. पण आज आमच्याकडे जे गिऱ्हाईक येतं त्यातलं निम्मं अक्षरांसाठी येत नाही. टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, नकार दिलेला कागद हातात घेऊन येतं.

मी सांगलीच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला. ड्रॉइंग हे माझं आवडतं काम. लग्नानंतर इकडे आले ती एच-4 व्हिसावर, म्हणजे काम करायची मुभा नाही. 2015च्या मे अखेरीस नियम बदलला आणि ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डचं प्रकरण पुढे सरकलं होतं अशा एच-4वाल्यांना वर्क परमिट मिळू लागलं. माझं कार्ड हातात पडलं तेव्हा नोकरी शोधायची की स्वतःचं काही करायचं, यावर घरात बराच खल झाला. ह्यांचं म्हणणं नोकरी. माझं म्हणणं, इतकी वर्षं घरात बसून दुसऱ्याच्या हाताखालीच जायचं असेल तर घाई कशाला? शेवटी एलएलसी, म्हणजे छोटी कंपनी काढली. भाड्याच्या जागेत एक प्रिंटर आणला आणि एका जुन्या साइन कंपनीतून बाहेर पडलेले, मूळचे इक्वाडोरचे एक फोरमन सोबत घेतले. ॲल्युमिनियमच्या पट्टीला वळण देऊन अक्षर उभं करणं, ट्रिम कॅप म्हणजे अक्षराच्या कडेची पट्टी बसवणं, आत एलईडीची माळ कुठे दाट आणि कुठे विरळ लावायची, हे सगळं मला त्यांनी शिकवलं.

सुरुवातीची कामं म्हणजे गणपतीचे आणि दिवाळी मेळ्याचे बॅनर. ती हंगामी. पोट भरतं ते दुकानांवर, आणि दुकानांसाठी ओक ट्री रोडसारखी दुसरी जागा नाही. साड्या, सोनं, मिठाई, किराणा, सगळं एका रांगेत. हा रस्ता एडिसनमधून निघतो आणि इझलिनमध्ये, म्हणजे वुडब्रिज टाउनशिपच्या हद्दीत जातो. गिऱ्हाइकाच्या लेखी तो एकच बाजार. आमच्या लेखी दोन टाउनशिप, दोन अध्यादेश, दोन खिडक्या. न्यू जर्सीत अशी 564 गावं-शहरं आहेत आणि साइन केवढी, किती उंचीवर, किती उजेडाची, हे प्रत्येक जण आपापलं ठरवतो. सगळ्यांच्या डोक्यावर राज्याचा 1975चा म्युनिसिपल लँड यूज लॉ आहे. नियमातून सूट कधी देता येते ते सांगणारं त्याचं 70 क्रमांकाचं कलम माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

बाकीच्या साइनवाल्यांपेक्षा आमचा रस्ता वेगळा झाला तो एका फराळाच्या दुकानामुळे. मालक कराडकडचे, वयाने मोठे, मी त्यांना काकाच म्हणते. प्लाझात वीस फूट रुंदीचं दुकान घेतलं होतं. त्या टाउनशिपचा नियम सरळ होता: दर्शनी भिंतीच्या एका फुटाला एक चौरस फूट साइन. म्हणजे वीस चौरस फूट.

"ताई, नाव इंग्रजीत असू दे, पण खाली 'घरगुती फराळ' मराठीत पाहिजे. आपल्या माणसाला लांबून दिसलं पाहिजे."

भिंत रस्त्यापासून 160 फूट आत. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा, की अक्षराच्या एक इंच उंचीला दहा फूट. तेवढ्या अंतरावरून ते ठसठशीत दिसतं. तेव्हा इंग्रजी नाव सोळा इंची, लांबी चौदा फूट, क्षेत्रफळ जेमतेम पावणेएकोणीस चौरस फूट. एवढंच लावलं असतं तर साधं परमिट मिळून काम संपलं असतं. पण त्याखाली देवनागरी आली. इंग्रजी मोठी अक्षरं वरखाली सारखी असतात. 'घरगुती'मध्ये 'गु'चा उकार खाली लोंबतो आणि 'ती'ची वेलांटी वर चढते. अक्षराचं अंग बारा इंच धरलं तरी वरपासून खालपर्यंत वीस इंच होतात, लांबी आठ फूट. दोन ओळी वेगवेगळ्या मोजल्या तर बेरीज बत्तीस चौरस फूट. मध्ये चार इंचांची फट सोडून दोन्हींना मिळून एकच चौकट आखली तर चौदा फूट गुणिले चाळीस इंच, म्हणजे जवळपास सत्तेचाळीस. भिंत तीच, अक्षरं तीच, पंधरा चौरस फुटांचा फरक फक्त पेन्सिलीचा! अध्यादेशात एवढंच लिहिलं होतं, की अक्षरांभोवती बसेल तो लहानात लहान आयत मोजावा. दोन ओळी असल्या तर आयत एक की दोन, याबद्दल अक्षर नाही. झोनिंग ऑफिसरने, म्हणजे हे नियम लावणाऱ्या टाउनशिपच्या अधिकाऱ्याने, एकच आयत धरला आणि अर्ज नामंजूर केला.

इथून पुढे दोन वाटा असतात. ऑफिसरने नियमाचा अर्थ चुकीचा लावला असं म्हणून वीस दिवसांच्या आत झोनिंग बोर्डाकडे दाद मागायची, किंवा अर्थ मान्य करून या जागेपुरती सूट, म्हणजे व्हेरिअन्स मागायचा. आम्ही दोन्ही एकाच अर्जात घातलं. आम्ही म्हणजे काकांच्या वकिलांनी. कंपनी अर्जदार असली की न्यू जर्सीत बोर्डापुढे वकील लागतोच, मालक स्वतः उभा राहून किंवा साइनवाल्याला पुढे करून भागत नाही. काका म्हणाले, "एका पाटीसाठी वकील?" हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलंय.

त्याआधी नोटिसा. दोनशे फुटांच्या आत ज्यांची मिळकत आहे त्या प्रत्येकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी, हातोहात किंवा सर्टिफाइड टपालाने, शिवाय तेव्हाच्या नियमाने वर्तमानपत्रात जाहिरात. मालकांची यादी टाउनशिप देते. फी नावामागे पंचवीस सेंट किंवा दहा डॉलर, यातलं जास्त असेल ते. या सगळ्या भानगडीत स्वस्त असं तेवढंच. दोनशे फुटांत शेजारच्या टाउनशिपची हद्द येत असेल तर तिथल्या क्लार्कलाही नोटीस जाते. यात एक नाव राहिलं तर बोर्डाला तुमचं ऐकायचा अधिकारच उरत नाही. म्हणून टपालाच्या पावत्या मी दागिन्यांसारख्या जपते.

झोनिंग बोर्ड म्हणजे कुणी साहेबलोक नव्हेत. गावातलीच सात माणसं, शिवाय काही राखीव सदस्य. दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी येऊन बसतात. त्या दिवशी आमच्या आधी कुणाचं डेक होतं, कुणाचं कुंपण होतं. आमचा पुकारा झाला, मी हात वर करून शपथ घेतली. फोटोवर बसवलेलं साइनचं चित्र म्हणजे पुरावा ए-1, मोजमापाचं ड्रॉइंग ए-2. ए-3 म्हणून मी फोममध्ये कापलेली दोन खरीखुरी अक्षरं नेली होती, 'गु' आणि 'ती'. टेबलावर फूटपट्टी लावून अंग कुठे संपतं आणि उकार कुठे संपतो ते दाखवलं. एका सदस्याने ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. सेक्रेटरीबाईंनी 'ती'च्या वेलांटीवरच ए-3चं लेबल चिकटवलं. पुराव्यात दाखल झालेली वस्तू परत मिळत नाही, तेव्हा आमची दोन अक्षरं त्या टाउनशिपच्या फाइलींच्या कपाटात कायमची मुक्कामाला आहेत.

खरी गंमत पुढे झाली. बोर्डाचे वकील म्हणाले, की नियमाचा अर्थ ठरवलात तर तो गावातल्या पुढच्या प्रत्येक साइनला लागू पडेल. हे ऐकताच सात चेहरे सावध झाले. अर्थाला ते घाबरत होते, साइनला नव्हे. आमच्या वकिलांनी ते बरोबर हेरलं आणि जागच्या जागी अर्थाची मागणी मागे घेतली, फक्त सूट मागितली. मग परवानाधारक प्लॅनरची, म्हणजे नगररचनेच्या तज्ज्ञाची, साक्ष झाली. भिंत रस्त्यापासून इतकी आत आणि मध्ये झाडांची रांग, आणि ती झाडं प्लाझाला मंजुरी देताना याच टाउनशिपने लावायला लावलेली. ही अडचण दुकानदाराने ओढवून घेतलेली नाही, जागेची आहे. कायद्याला हेच ऐकायचं असतं. "धंदा चालत नाही" हे कारण तिथे चालत नाही. भाडं परवडत नाही, शेजाऱ्याची साइन मोठी आहे, यातलं काहीच चालत नाही. शेजाऱ्यांना त्रास काय आणि गावाच्या आराखड्याला धक्का काय, ही दुसरी बाजूही भरून काढावी लागते.

सहा विरुद्ध एक मतांनी सूट मिळाली. विरोधात मत देणारे गृहस्थ म्हणाले, पुढच्या महिन्यात असेच आणखी पाच येतील. खोटं नव्हतं ते, त्यातले दोन माझेच होते. अटी तीन पडल्या: दुकान बंद झाल्यावर अर्ध्या तासात साइन बंद, काचेवरचे सगळे स्टिकर काढायचे, आणि अक्षरांमागच्या रेसवेचा, म्हणजे वायरिंगच्या लांबट पेटीचा, रंग भिंतीचाच हवा. काचेवरच्या स्टिकरांसाठी काकांचा जीव तुटला. मला विचाराल तर त्या अटीने दुकान सुधारलं.

त्या सुनावणीत एक गोष्ट कुणीच विचारली नाही: ती ओळ कुठल्या भाषेतली आहे, आणि काय म्हणते. त्यांना विचारता येत नाही. 2015च्याच जूनमध्ये, म्हणजे माझं दुकान सुरू व्हायच्या सुमारास, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाचा नियम रद्द केला. एका लहान चर्चच्या दिशादर्शक पाट्यांना तिथे राजकीय पाट्यांपेक्षा कडक नियम होते. मजकूर वाचून नियम लावणार असाल तर त्याचं फार भक्कम कारण द्यावं लागेल, असा तो निकाल. भाषेच्या बाबतीत तर त्याआधीच, 1989मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पोमोना शहराचा नियम संघीय न्यायालयात पडला होता. परक्या लिपीतली साइन असेल तर निम्मी जागा इंग्रजी अक्षरांना द्या, असा तो नियम. आमच्या न्यू जर्सीतली मजेदार केस 2009ची. लॉरेन्स टाउनशिपमध्ये कामगार संघटनेने निषेध म्हणून हवा भरलेला प्रचंड उंदीर उभा केला, टाउनशिपने दंड ठोकला. पण त्याच टाउनशिपला दुकानाच्या उद्घाटनाचे फुगे चालत होते! राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नियमच रद्द केला. आकार, जागा, उजेड यांवर बोला, मजकुरावर नको, हे सूत्र त्यानंतर मी प्रत्येक गावात नम्रपणे सांगते.

माझ्या भावाचं दादरला दुकान आहे. त्याचं सगळं उलटं. 2022च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर 2023मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा त्याच्या गल्लीत पेंटर मिळेना. त्याला भाषेचं विचारतात, मला चौरस फुटांचं. मग 13 मे 2024ला घाटकोपरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, सतरा माणसं गेली. चाळीस बाय चाळीसची मर्यादा असताना ते 120 बाय 120 फुटांचं होतं. तेव्हा भावाने फोनवर विचारलं, "तुमचं ते बोर्ड वाऱ्याचं काही विचारतं का गं?" नाही विचारत. ते बांधकाम खात्याचं काम, त्याचं परमिट वेगळं, इंजिनिअरचा शिक्का वेगळा. बोर्डाने सूट दिली म्हणजे पाया पक्का झाला असं नाही, हे इथल्याही गिऱ्हाइकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सगळीच प्रकरणं जिंकली असं नाही. एका दवाखान्याला बदलत्या अक्षरांचा एलईडी फलक हवा होता. समोर घरं. एक बाई मायक्रोफोनपाशी आल्या, मुलाच्या खोलीच्या खिडकीचा रात्रीचा फोटो दाखवला आणि एवढंच म्हणाल्या, की सध्याचीच साइन इतका उजेड पाडते. आमच्याकडे उजेड कमी करणाऱ्या डिमरचे आकडे होते, तज्ज्ञ होता. त्या दिवशी सहाच सदस्य हजर होते, मतं तीन-तीन पडली. बरोबरी म्हणजे नकार. डॉक्टर माझ्यावर भडकले. माझं मत विचाराल तर बाईंचं बरोबर होतं. दवाखान्याला हलत्या अक्षरांची गरज काय? आजारी माणूस फलक पाहून थोडाच येतो. मी हे डॉक्टरांना आधीही सांगितलं होतं, लेखी.

यातून आमच्या कामाची पद्धत बदलली. आता ॲडव्हान्स घेण्याआधी आम्ही जागा पाहतो, आणि शक्यतो दुकानाचं लीज सही होण्याआधीच. अध्यादेश वाचतो, त्या पत्त्यावरचे जुने ठराव टाउनशिपमधून काढतो. कारण सूट दुकानदाराला मिळत नाही, जागेला मिळते, आणि मालक बदलला तरी जागेबरोबर राहते. एका मिठाईवाल्याला दुसऱ्या भिंतीवर साइन हवी होती. नवा अर्ज करायच्या तयारीत होते. आम्ही ठराव शोधला तर तिथे पूर्वी असलेल्या कार्पेटच्या दुकानाला ती परवानगी कधीच मिळालेली होती. फक्त त्याच मापात बसवायचं होतं. एक सुनावणी, एक वकील आणि नोटिसांचा ढीग वाचला.

या पाहणीचे आम्ही वेगळे पैसे घेतो. साइनची ऑर्डर आमच्याकडे दिली तर त्यातून वळते करतो, नाही दिली तर परत देत नाही. आपल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो. "नुसतं बघायचे पैसे?" असं म्हणत गेलेले एक गृहस्थ गेल्या महिन्यात टाउनशिपचा नकार घेऊन आले. त्यांनी ओरेगॉनहून ऑनलाइन मागवलेली अठरा फुटी साइन खोक्यातच पडून आहे. मोजमाप घेतलं. मधला लोगो काढून दोन शब्द जवळ घेतले तर ती बारा फुटांत बसते आणि सूट मागायची गरजच पडत नाही. फोरमननी कापायला मंगळवार दिलाय.